पंचवीस फूट, अनवाणी

मंगळवार, संध्याकाळ

मल्टिपल स्क्लेरोसिसनं माझं चालणं किती बिघडलंय, ते आज दवाखान्यात मोजलं. एसीत, गार फरशीवर पंचवीस फूट. सात सेकंद. डॉक्टर म्हणाले, "छान." ह्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला, "लई सुधारली की ही."

कसली सुधारली? चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या. डाव्या पायातली चप्पल कधी निसटते ते मला कळत नाही, हे कोण मोजणार? आणि मीही शहाणी, परीक्षा असल्यासारखी सगळा जोर लावून चालले. का?

मग उन्हातून रिक्षापर्यंत पाय ओढत आले. घरापाशी उतरताना ह्यांनी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी.

म्हणाले, "लक्ष कुटं असतंय तुझं?"