बेदाण्याच्या शेडातली गाडी

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

ठेवून गेला एकदाचा. जयराज — आमचे धाकटे बंधू, फौजेत सुभेदार, मुक्काम पठाणकोट. पांढरी कोरी गाडी माझ्या बेदाण्याच्या शेडात लावली आणि म्हणाला, "दादा, चारी बाजूंनी जाळी हाय, वारं खेळतंय. हिवाळ्यात गाडीला असलीच जागा लागती." हे शेड बांधलं तेव्हा याच गृहस्थानं पत्र लिहिलं होतं — एवढं मोठं कशाला?

खांबावर हुकूमनामा टांगलाय. दर रविवारी आठ वाजता चारी दारं दोन तास उघडी. एरवी काचा बोटभर खाली. सीटवर निंबाचा वाळला पाला. वरून फक्त सुती कापड — प्लास्टिक अजिबात नाही, आत दव धरतं, बुरशी येते. खाली सही. सख्ख्या भावाला लिहिलेल्या कागदावर सही आणि हुद्दा!

एस.टी.त चढता चढता म्हणाला, "फेब्रुवारीत आलो की तुला एक इचारायचं हाय." काय ते मी विचारलं नाही. द्राक्षाची बाग अजून दोघांच्या नावावर आहे. वाटणीशिवाय दुसरं काय विचारणार?

२४ नोव्हेंबर

आठ वाजता दारं उघडली. सव्वाआठला शेजारचा नाथाजी हजर. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. "लय भारी हाय रं गड्या, तुज्या भावाची."

अकरा वर्षं हा माणूस माझ्या बागेच्या बांधावरून जातोय. बाग भारी आहे असं एकदा तरी म्हणावं.

१ डिसेंबर, रविवार

आज नऊ माणसं. मोजली. गावातल्या अंबूबाईनं बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, वर मला म्हणाली, "आवं, नीट सांबाळा. फौजी मानसाची वस्तू हाय." माझ्या ट्रॅक्टरला दसऱ्याला झेंडू लागतो तोही मीच आणतो, मीच बांधतो, आणि मीच लांब उभा राहून बघतो.

फौजी माणसाची वस्तू. आणि ज्याच्या शेडात ती उभी आहे, तो कोण? राखणदार.

४ डिसेंबर

अवकाळीसाठी आणलेलं काळं प्लास्टिक गाडीवर घातलं. खाली विटा लावल्या. धूळ फार येते.

शालू म्हणाली, "भावजींनी प्लास्टिक नगं लिवलंय न्हवं?"

मी म्हणालो, "लग्नाला बावीस वर्षं झाली, माझा कागद कधी इतकं मन लावून वाचला नाहीस."

गप्प बसून माणसाला खोटं पाडायची कला तिच्याकडं आहे.

धूळबीळ काही नाही. इथं लिहायला हरकत नाही. मला ती गाडी दिसायला नको होती.

८ डिसेंबर

कोणी आलं नाही. छान रविवार गेला.

२२ डिसेंबर

पहाटे दव असं पडतंय की पत्र्यावरून धार लागते. बागेत भुरीची पांढरी बुरशी उतरली. दिवसभर गंधक मारतोय. गाडीची दारं तीन रविवार उघडलेली नाहीत. घड असे पांढरे पडत असताना मी सुभेदारांच्या सीटला वारा घालत बसू?

२ जानेवारी १९९७

जयराजचं पत्र. "गाडी कशी आहे? तुझा खोकला कसा आहे?" आधी गाडी, मग खोकला.

१२ जानेवारी, रविवार

प्लास्टिक काढलं. आतून थेंब गळत होते. दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. सीट, स्टिअरिंग, छताचं कापड — सगळ्यावर राखाडी लव. बोट लावलं तर बोटाला आली. काचा बोटभर खाली ठेवायच्या होत्या, त्याही मीच केव्हातरी वर केल्या होत्या.

महिन्यावर आलाय तो.

एस.टी. स्टँडजवळच्या गॅरेजातल्या मिलिंद मेस्त्रीला बोलवावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडला कळणार. आणि बुरशीचं औषध मला मेस्त्री काय सांगणार? जन्म गेलाय त्यात.

१४ जानेवारी, संक्रांत

घमेल्यात निखारे घेतले, वर गंधक टाकलं, गाडीत ठेवून काचा बंद. चार तास. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून देतो तशीच धुरी. हिशेबानं एकही बुरशी शिल्लक राहता कामा नये.

१५ जानेवारी

बुरशी गेली. सीटचा रंगही गेला. मरून रंगाची सीट ठिकठिकाणी पिवळट सोनेरी. एक नंबर माल. बाजारात नेला तर भाव येईल.

दारांच्या चकचकीत मुठी काळ्या पडल्यात.

१९ जानेवारी, रविवार

शेवटी मिलिंद. त्यानं नाक धरलं, आत डोकावला, बाहेर आला.

"दादा, गंधक?"

"व्हय."

"वल्ल्या गाडीत?"

"बेदाण्याला देतोच की."

"बेदाणा गंजत न्हाई, दादा. वल्ल्यात त्यो धूर बसला की त्याचं आम्ल हुतंय. बॅटरीतल्या पान्याचं भावंडच." मग हळूच, "नुसती दारं उगडली असती तरी भागलं असतं."

सोड्याच्या पाण्यानं सगळं पुसून दिलं, दोन दिवस उन्हात ठेवायला आणि पुढं दर रविवारी न चुकता दारं उघडायला सांगितलं. कोणाला सांगणार नाही म्हणाला. तो शब्द पाळेल, ठाऊक आहे. मला मात्र त्या चांगुलपणाचाही राग आला.

१६ फेब्रुवारी, रविवार

जयराज सकाळी उतरला. चहाही न घेता शेडात. मी मागं. दार उघडलं, सीटवर हात फिरवला. मी भाषण तयार ठेवलं होतं — दव, हवामान, भुरीचं वर्ष.

त्यानं कोपऱ्यातली काळ्या प्लास्टिकची घडी बघितली. मग खांबावरचा कागद.

"वाचला न्हवतास का, दादा?"

"वाचला होता."

बस. एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. खोकल्यासाठी पठाणकोटहून मधाची बाटली आणलीय. शालूकडं दिली.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर वाट बघितली, आता विचारेल, मग विचारेल. शेवटी आज मीच म्हणालो, "काय इचारणार हुतास?"

"ऱ्हाऊ दे. मिटलं ते."

वाटणी टळली म्हणून मी मनात हुश्श केलं. दुपारी गाडी घेऊन गेला, सासरवाडीला, कोरेगावला. नाथाजी विचारत होता, "भावाची गाडी कुटं गेली रं?" शेडात द्राक्षं पसरायला घेतली. ऐसपैस जागा.

९ मार्च, रविवार

जयराजच्या बायकोचं, शिवांजलीचं पत्र, शालूच्या नावे. जयराज जूनमध्ये फौजेतून सुटतोय. कोरेगावात जागा घेतली. "आधी तासगावलाच, तुमच्याजवळ राहायचं यांच्या मनात होतं. शेडामागं दोन खोल्या बांधू का म्हणून थोरल्या भावोजींना विचारणार होते. म्हणून तर गाडी आधीच आणून ठेवली होती."

आज आठ वाजता, सवयीनं, गाडीची किल्ली शोधत होतो.