दर्याकृपा अजून समुद्रात

१७ फेब्रुवारी

पावण्याच्या ऑफिसातला सर्व्हर गेला. नागपूरची कॉपीही गेली.

दुसऱ्या वाक्यावर अभिरामचा विश्वासच बसेना. आमचा टीम हेड. खुर्चीच्या मागे उभा राहून सारखं तेच — "क्षिप्रा, दोन शहरांत ठेवलं ते ह्याच्यासाठीच ना?" ह्याच्यासाठीच. पण इथली डिस्क आधीपासून आजारी होती, चुकीचं लिहीत होती, आणि नागपूर ते चुकीचं इमानदारीत उतरवून घेत होतं. कॉपीला काय कळतं. येईल ते घ्यायचं.

काम उरणकडच्या मच्छीमार सोसायटीचं. होडी बंदरातून सुटली की तांडेल, होडीचा प्रमुख, फोनवर 'निघाली' दाबतो, परत आली की 'पोचली'. पोचली की घरी मेसेज जातो. एवढंच. पण तेवढ्यावर तिकडची घरं जेवायला बसतात, असं सोसायटीचे सेक्रेटरी जयदेव मागे म्हणाले होते. आज त्यांचे सारखे फोन. सध्या कागदावर लिहून घेतायत आणि घरोघर पोरं पिटाळतायत.

१८ फेब्रुवारी

बॅकअप उघडत नाहीत. दर महिन्याला घेत होतो, उघडून कोणी पाहिलाच नव्हता. अर्धवट फायली. मागे मागे जात शेवटी एक धड सापडला — दीड वर्षापूर्वीच्या सप्टेंबरातला.

त्यानंतरची जर्नल मात्र सगळी शाबूत. प्रत्येक होडीची प्रत्येक ये-जा, झाली त्या क्रमाने. म्हणजे तो जुना बॅकअप नागपूरच्या मशीनवर बसवायचा आणि त्यावर दीड वर्ष पुन्हा घडवून आणायचं. एकेक नोंद. उद्या सुरू करते. मध्ये एकदा थांबवून तपासेन, सगळं झाल्यावर चूक कळली तर पुन्हा पहिल्यापासून.

१९ फेब्रुवारी

दुपारी थांबवून तपासलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत आलंय. आकडे जुळतात. बरं वाटलं.

संध्याकाळी — बरं वाटायला नको होतं.

जयदेवांचा फोन. "म्याडम, तुमच्याकडून मेसेज सुटलेत काय?" समोर उभ्या असलेल्या होड्या 'पोचली' म्हणून घरोघर मेसेज. लोक हसले म्हणे. मग ते थांबले. "एक दर्याकृपाचा पन गेलाय."

मी विचारलं, त्याचं काय?

"सूरजची होडी ती. एकटाच जायचा. त्या वर्षी दिवालीच्या आधी वादल झालं त्यात गेली. काय गावलं नाय — ना फली, ना मानूस. त्याच्या बायकोच्या फोनवर आलाय मेसेज. दर्याकृपा मोरा बंदरात पोचली. ती अनवानी धावत आली जेट्टीवर."

मी फोन ठेवला आणि नागपूरचं मशीन उघडलं.

काय झालं ते लगेच कळलं. मी जिथे थांबवलं, त्या ऑक्टोबरातल्या संध्याकाळचे काही मेसेज पाठवायचे राहिलेले, रांगेत. मेसेज पाठवणारा प्रोग्राम मी पावण्याच्या सर्व्हरवर बंद केला होता. नागपूरच्या मशीनवर तो चालू होता. जाग आली, रांग दिसली, पाठवून मोकळा झाला. बंद करायचं माझ्या हातात होतं. नाही केलं.

मेसेजमध्ये तारीख नसते. छोटा असावा म्हणून आम्हीच तसं ठरवलं होतं.

२० फेब्रुवारी

नागपूरचा मेसेजचा प्रोग्राम बंद केला. पुढचं चालवावं लागलंच. बाकीच्या होड्यांचे लोक ताटकळलेत.

बघू नये म्हटलं तरी बघितलं. निघाली, पोचली, निघाली, पोचली — शेकडो होड्या, सरसर. दर्याकृपा मध्ये मध्ये येत राहिली. दुसऱ्या दिवशी गेली, आली. पुन्हा गेली, आली. मग एकदा निघाली. मी हात बाजूला घेतला, जणू माझ्या हाताने थांबणार होतं. पुढे बाकीच्या होड्यांची दिवाळी झाली, होळी झाली, पावसाळ्यातले मासेमारीबंदीचे महिने आले, पुन्हा नारळ सोडून लोक समुद्रावर गेले. दर्याकृपा पुन्हा आली नाही. मला आधीच माहीत होतं. तरी मी वाट बघत होते. येड्यासारखी.

संध्याकाळी दोन्हीकडे सारखं झालं, सर्व्हर चालू. अभिरामने पेढे आणले. मी म्हटलं मला मोऱ्याला जायचंय, त्या घरी. तो म्हणाला, "नको. कंपनी माफीचा मेसेज पाठवेल सगळ्यांना. तू गेलीस तर उगाच टेन्शन वाढेल."

अजून एक मेसेज! त्याच नंबरवर.

२१ फेब्रुवारी

ऑफिसच्या नंबरवर भावना सूरज कोळी हिचे मिस्ड कॉल. सकाळपासून. कोणी उचलत नाही, सगळ्यांना कळलंय कोण ते. मीही नाही उचलला.

२३ फेब्रुवारी

नवऱ्याला, जयप्रकाशला, सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. सीवूड्सहून उरणची गाडी, पुढे रिक्षा.

सूरजची आई, चंद्राबाई, दारात जवळा निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती मला शिव्या देईल अशी तयारी करून गेले होते. तिने पाट सरकवला. "बस, बाय. पानी देऊ?"

मग तिनेच सांगितलं. सून अजून तिशीची नाही. मूल नाही. दीड वर्ष झालं, म्हणून हिनेच तिचं दुसरं जमवलंय — करंजा गावचा अंकुश, बर्फाच्या कारखान्यात आहे, पहिली बायको वारलेली, मानूस शांत. पाडव्यानंतर लग्न. "माजी लेक म्हनून देते मी तिला. हो म्हनाया तिनं सा महिने लावलं. आता तुमचा मेसेज आला तशी बोलते, मी नाय करत लगीन."

भावना आली जेट्टीवरून. उन्हाने काळवंडलेली. मला वाटलं होतं रडेल. ती वकिलासारखी समोर बसली.

मी सांगितलं — मेसेज जुना आहे, दीड वर्षापूर्वीच्या एका दिवसाचा, माझ्या चुकीने आता सुटला.

"जुना असता तर माज्या फोनमदी आधीचा असता ना? मी त्याचा एक मेसेज पुसला नाय. सगले हायत. ह्यो नाय." फोन माझ्यापुढे धरला. खरंच, सगळे होते. वरपर्यंत सरकवत गेली. "हा नवीन हाय. कुटंतरी लागला असंल तो. इंजिन बंद परलं असंल."

मी म्हटलं, त्या दिवशी हा मेसेज आमच्याकडून गेलाच नव्हता. लाइन बंद होती, संध्याकाळचे मेसेज अडकले, दुसऱ्या दिवशी आम्ही ते शिळे म्हणून टाकून दिले. तारीख सांगितली. नवरात्राच्या आधीची.

तिने ती तारीख एकदा स्वतःशी म्हटली. मग फोन उलटा ठेवला मांडीवर.

"त्या दिवशी मेसेज आला नवता," म्हणाली. माझ्याशी नाही, सासूकडे बघून. "आई, आठवतं? मी भांडले त्याच्याशी. मेसेज नाय, काय नाय, दार उघडलं तर ह्यो उभा. बोलला, मी केलता, तुजाच फोन खराब."

चंद्राबाई जवळा निवडत राहिली.

"खरं बोलला म्हंजे," भावना म्हणाली.

मी निघाले तर रिक्षापर्यंत आली. "तुमच्या कॉम्पुटरमदी तो आता काय हाय?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, समुद्रात. तिथे दोनच गोष्टी लिहिता येतात. समुद्रात, नाहीतर पोचली.

"मग तसाच ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

२४ फेब्रुवारी

मेसेज खरा होता हे तिला सांगून मी काय मिळवलं?

२७ फेब्रुवारी

रोज सकाळी ताळमेळाचा रिपोर्ट येतो. कोणती होडी फार दिवस बाहेर आहे ते. आधीच्या सिस्टममध्ये ती ओळ कुणीतरी दिसेनाशी करून ठेवली असणार. आता सगळं नव्याने बसवल्यावर ती पुन्हा वर आलीय. लाल. दर्याकृपा, समुद्रात. चहा घेऊन बसलं की पहिली तीच.

अभिराम म्हणाला, "पोचली करून टाक ना. विषय संपेल."

मी म्हटलं, पोचली नाही ती.

"क्षिप्रा, ती एक ओळ आहे."

मी नाही केलं. त्यानेही पुन्हा सांगितलं नाही. रिपोर्ट मात्र आता त्याला जात नाही, मलाच येतो.

२ मार्च

फोन वाजला की आधी नंबर बघते. आज दुधवाल्याचा मेसेज — 'पोहोचलो, खाली या'. मी कपाटाला धरून उभी राहिले. जयप्रकाश म्हणाला, "काय झालं?" सांगितलं मग सगळं. त्याने खाली जाऊन दूध आणलं. मग म्हणाला, "ती रोज जाते का अजून जेट्टीवर?" हाच प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता.

५ मार्च

विचारला. जयदेव म्हणाले, रोज. दुपारच्या प्रवासी लाँचची माणसं उतरतात तेव्हा तिथे बसलेली असते. मेसेज त्या दिवशीचा होता हे तिला पटलंय, असं ती स्वतः सांगते. तरी बसते. करंज्याहून अंकुशची बहीण येऊन गेली, विचारून गेली नक्की काय ते.

मी अभिरामला न विचारता तिसरा पर्याय टाकला सिस्टममध्ये. 'बुडाली'. टाइप करायला वेळ लागला नाही. दर्याकृपाच्या ओळीत मात्र भरलं नाही. मी कोण.

८ मार्च

चंद्राबाईंचा फोन. नंबर जयदेवांकडून घेतला. "बाय, उद्या ये. ती घरी नसंल तवा ये."

९ मार्च

गेले. घर सारवल्यासारखं स्वच्छ, आणि ती आज काही निवडत नव्हती. हात मोकळे. ते मला विचित्र वाटलं.

"जयदेव बोलला, आता तिसरं पन लिवता येतं."

हो म्हटलं.

"मग लिव. बुडाली."

मी म्हटलं, मावशी, कोणाकडेच तसा काही पुरावा नाही. ना होडी मिळाली, ना... मी थांबले. सरकारसुद्धा इतक्यात माणूस गेला असं मानत नाही.

"सरकारचं नाय सांगत. तुज्या कॉम्पुटरचं सांगते. ती मना रोज बोलते, आई, तिकडं तो अजून समुद्रात हाय, म्याडमनी सांगितलंय. मी कशी लगीन करू, तो समुद्रात असताना? माजं ऐकत नाय. तुज्या त्या मशीनचं ऐकते."

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? बुडाली?

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

"मी आई हाय त्याची. मी सांगते बुडाली. आजून कोन पायजे तुला?"

मग लाँचची वेळ झाली. ती उठली, मला म्हणाली, चल. जेट्टीवर भावना कठड्याला टेकून. चंद्राबाईंनी तिच्यासमोर मला पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल असं. "म्याडम, दर्याकृपा बुडाली. माजा सूरज गेला. तसं लिवा."

बायका थबकल्या. कोणीतरी पाट्या खाली ठेवल्या. भावना सासूकडे बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. चंद्राबाईंनी तिला धरलं. त्यांच्या डोळ्यांत थेंब नव्हता. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने मला खूण केली — जा.

१० मार्च

लिहिलं. बुडाली.

नागपूरला जाऊन बघितलं, तिथेही उतरलं होतं. लगेच. रिपोर्टमधून ओळ गेली. मला वाटलं होतं हलकं वाटेल. स्क्रीनवर तिची जागा कुठे होती तेच दिसत राहिलं.

१८ मार्च

जयदेव म्हणाले भावना जेट्टीवर येत नाही आता. अंकुश येऊन गेला घरी. चंद्राबाईंनी त्याला जेवायला घातलं.

आजपासून दर महिन्याला बॅकअप उघडून बघायचा, असा नियम केलाय. अभिरामने सही केली. चांगलं झालं. कुणाचं, माहीत नाही.

६ एप्रिल

लग्नाचं बोलावणं होतं. नाही गेले. मला बघून त्या मुलीला काय आठवलं असतं? जयप्रकाशच्या हाती साडी पाठवली. तो म्हणाला, साधंच झालं, छान झालं. निघताना भावना सासूला सोडेना. चंद्राबाईंनी तिला स्वतः गाडीत बसवलं, पदर खोचून हसत होत्या म्हणे. सगळे बोलत होते, काय बाई आहे.

झोप लागली आज, दुपारीसुद्धा.

९ एप्रिल

चंद्राबाईंचा फोन. "बाय, ती सुखात हाय करंज्याला. आता ती काय तुज्या मशीनचं विचारायची नाय. आता परत लिव — समुद्रात. आनि मेसेजचा नंबर माजा टाक."