भाच्याने मामाचं कार्ड मागितलं तेव्हा

ताराझ, रविवार

चि. सौ. काम्शात हिला तोक्तारदादाचे आशीर्वाद.

घरची माणसं, गुरंढोरं धडधाकट आहेत ना? तुझी कंबर कशी आहे? मी बरा आहे, म्हणजे जिवंत आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर माझं दुसरं वाक्य यायच्या आत तू रडायला लागतेस. कागदापुढे खुशाल रड, मजकूर बदलायचा नाही.

तुझा तो अल्दियार! वसंतात आला, पाहुण्यांच्या पंगतीत बसून घोड्याचं मटण चापलं आणि म्हणाला, "मामा, भाच्याचा पहिला हक्क आज मागतो." आता भाच्याने मामाच्या घरून तीनदा हवं ते उचलावं आणि मामाने हूं की चूं करू नये, हा आपल्या वाडवडलांचा रिवाज. मी छाती फुगवून म्हणालो, "माग की लेका! घोडा माग, खोगीर माग!" (लेकीचे सासरचे ऐकत होते ना.) या दिवट्याने माझं क्रेडिट कार्ड मागितलं. वाडवडलांच्या वेळचा भाचा फार तर शिंगरू न्यायचा. नेलं की संपलं. ते शिंगरू दर महिन्याला मामाच्या दारात येऊन चारा मागत नसे. पण व्याह्यांसमोर नाही कसं म्हणू? दिलं. वर त्याचा गुप्त आकडाही सगळ्यांदेखत ओरडून सांगितला, कुणी कंजूस म्हणायला नको.

पुढे बँकेचा निरोप यायचा, 'किमान रक्कम भरा.' मला वाटलं, काय अदबशीर माणसं! तेवढीच भरत गेलो आणि तोक्तार कुणाचं देणं ठेवत नाही म्हणून गावभर मिरवलो. शेवटी बँकेत गेलो, तर तिथली मुलगी म्हणते, "आजोबा, किमान भरलं की नुसता दंड टळतो, बाकीवर व्याज चढतच राहतं. आणि कार्डावर रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून." (आजोबा! मला!) आपल्या चिरंजीवांनी सगळी रोखच काढली होती. भाच्यावर हात उगारणाऱ्याचा हात थरथरतो म्हणतात. माझा नुसत्या विचारानेच थरथरतोय. येत्या बाजाराला राखाडी घोडी विकावी लागणार. गाभण आहे गं ती. कुलाश माझ्याशी बोलत नाही, फक्त घोडीशी बोलते. एवढी वर्षं संसार करून बायकोने घोडीची बाजू घेतली.

आणि तू? परवा फोनवर म्हणालीस, "माझ्या लेकाने स्वतःच्या कमाईतून कपडे धुवायचं मशीन घेतलं हो, नाहीतर काहींचे भाऊ!" काहींचे भाऊ? अगं, तुझ्या न्हाणीत घरघरतेय ती माझी घोडी आहे! त्याला विचारलं, तर म्हणतो दुकानात रोखीला सूट होती. ती सूट व्याजाने केव्हाच गिळली. कार्ड मी बंद करून आलोय. त्याला कान धरून सांग, कार्डाची उधारीची मर्यादा म्हणजे पगार नव्हे, आणि महिन्याचं महिन्याला पुरतं फेडता येत नसेल तर कार्डाला शिवू नये. मशीन उद्याच्या उद्या दुकानात परत कर.

तुझा संतापलेला,
दादा

ता. क. मशीन परत करू नकोस. आई गेली त्या हिवाळ्यात ओढ्यावरचा बर्फ फोडून तू माझे सदरे धुवायचीस, हे कुलाशला आठवलं. मला आठवायला हवं होतं. पोराला काही बोलू नकोस. लेकाने घेतलं असंच सांगत राहा.

ता. क. २. आमच्या मेहुण्यांना म्हणावं, बाजारात घोडीला पहिला भाव तुम्हीच लावा, म्हणजे ती घरातच राहील. पैसे रोख आणू देत. आणि ती रोख त्यांनी कुठून काढली, ते निघण्याआधी विचारून घे.