चिंचेखालचे दगड

हिंगोली,
गुरुवार, बाजारातून आल्या आल्या

चि. सौ. निलम हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आणि योगेशरावांना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? तुमच्या सोसायटीची लिफ्ट सुरू झाली असेल तर गुडघाही सुरू झाला असेल. माझी तब्येत उत्तम. डाव्या पायाचा अंगठा तेवढा अजून ठणकतो, त्याचं कारण पुढे येईल.

तुझं पत्र मिळालं. 'ताई, हिंगोलीत आता काय ठेवलंय? दिवाळीआधी घराला कुलूप लावून कायमची पुण्याला ये, इथे भाजी दहा मिनिटांत दारात येते,' असं तू लिहिलंस. (सोबत गाडीचं तिकीटही, मला न विचारता.) येत असेल बाई. पण ती आणणाऱ्याचं नाव तुला ठाऊक आहे? मागच्या आठवड्यातलं दोडकं कडू का निघालं, हे त्याला विचारता येतं? आपल्या गल्लीच्या टोकाचा चिंचेखालचा बाजार तू विसरलीस, म्हणून सांगते. तो कोणी वसवला यावर दोन मतं आहेत. हळद-मिरची विकणारी गौसिया म्हणते, तिच्या पणजोबांनी निजामाच्या काळात इथे पहिली मिरची ओतली. तिच्या शेजारची भाजीवाली जमनाबाई म्हणते, त्याच्याही आधी तिच्या तांड्याचे लादलेले बैल याच चिंचेखाली उतरायचे, आणि गौसियाचे पणजोबा मिरची विकायला नव्हे, घ्यायला आले होते. हा वाद तीस वर्षं चालू आहे, आणि दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात खात तो चालवतात. पहिल्या एसटीनं पुसेगावची वांगी उतरतात, देठाला अजून दव असतं. कलीम लिंबं अशी रचतो की आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टानं त्याला टापटिपीचं बक्षीस दिलं असतं. (तुला कधी दिलं नाही.)

आता अंगठा. नोकरीत होते तोवर मी संध्याकाळीच बाजारात जायची. निवृत्त झाल्यावर पहाटे फिरायला लागले, तेव्हा दिसलं की रिकाम्या बाजारात जिकडेतिकडे धोंडे पडलेत. कुठे फुटकी फरशी, कुठे उखळाचा तुकडा. एकावर अंगठा आपटला आणि माझं डोकं फिरलं. संबंधितांना तीन अर्ज केले (तिसरा इंग्रजीत, कुणाला तरी लाज वाटेल म्हणून). उत्तर नाही. शेवटी नेमसिंगचा ट्रॅक्टर सांगितला, आणि संध्याकाळी बाजार उठल्यावर छत्री रोखून उभी राहिले व बेचाळीस दगड उचलून घेतले. त्यानं ते एका बांधकामाच्या पायाभरणीत ओतले, आणि सकाळी उजाडायच्या आत वर काँक्रीटही पडलं. या गावात एवढ्या वेगानं दुसरं कुठलंही काम झालेलं मी पाहिलेलं नाही.

सकाळी शाबासकी घ्यायला गेले, तर बाजार उभा. अक्षरशः उभा! डोक्यावर टोपल्या, आणि बसेना कुणी. निलम, तो प्रत्येक दगड म्हणजे एकेकाची जागा होती. माणूस घरी जातो, दगड जागा धरतो. आजारपण असो, लग्न असो, दगड आहे तोवर तिथे दुसरं कुणी बसत नाही. आणि मी! तेहतीस वर्षं जमीन मोजणीच्या कार्यालयात काढलेली, हद्दीचे दगड हलवणाऱ्यांना स्वतःच्या हातानं नोटिसा टाईप केलेली!

"बाई, तुमी एवढ्या शिकलेल्या," गौसिया म्हणाली, "एक बार पूछ लेना था ना. काहून उचलले?"

मग तीच पुढे झाली. मागच्या भिंतीची एक भेग तिच्या पाठीशी असते, तिथे ती बसली. "कलीम, तू माझ्या डाव्या हाताला. तुझं लिंबू घरंगळलं की माझ्या हळदीत येतंय." कलीमनं पुढच्याला बसवलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. अर्ध्या तासात अख्खा बाजार जिथल्या तिथे. आमच्या कार्यालयाला याला तीन वर्षं आणि दोन अपिलं लागली असती.

फक्त एक जागा रिकामी राहिली, जमनाबाईची. ती सुनेच्या बाळंतपणाला तांड्यावर गेली होती, आणि तिच्या वतीनं नुसता दगडच हजर असायचा. तिथे रामकिशन केळीवाल्यानं गाडा घातला. "दगड दाखवा, उठतो," म्हणाला. ती सावलीची जागा गेली असती तर म्हातारीला नाल्यापलीकडे उन्हात बसावं लागलं असतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रामकिशनला गाडा काढायला लावला (माझा आवाज अजून शाबूत आहे) आणि तिथे स्वतः बसले. बावीस दिवस! नियम असा की रिकाम्या हातानं बसायचं नाही. अंगणात कढीपत्त्याशिवाय काही नाही, म्हणून कढीपत्ता घेऊन बसले. तो इथे भाजीवर फुकट देतात. बावीस दिवसांत एकानंही घेतला नाही. आमच्या कार्यालयातली मिना रोज येऊन, "मॅडम, आज काय ताजं?" असं विचारून जायची.

काल जमनाबाई आली. नात झालीय. तिनं माझ्याकडे, मग कढीपत्त्याकडे पाहिलं.

"माझा धोंडा बरा व्हता बाई," ती म्हणाली. "त्यो बोलत नव्हता."

अख्खा बाजार हसला. मी उठायला लागले, तर तिनं पदर धरून बसवलं. "चालल्या कुठं? मी सरकते हातभर."

असो. हे सगळं तुला सहज कळावं म्हणून लिहिलं. मला तुझ्याकडून काही नको.

तुझी थोरली बहीण,
हेमलता

ता. क. एक वस्तू हवी आहे. आईचा वरवंटा. वाटणीत पाटा माझ्याकडे आला आणि वरवंटा तू नेलास, त्यामुळे चटणी दोघींकडेही होत नाही. तू तो बेडरूमचं दार आपटू नये म्हणून लावतेस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो येत्या एसटीच्या पार्सलनं पाठव. जमनाबाई म्हणाली, "बसायचं तर बसा, पर तुमचा दगड आना."

ता. क. २. दाराची काळजी करू नकोस. पुण्याचं तिकीट सोबत परत पाठवते आहे. चार घड्या घातल्या की फटीत बरोबर बसेल.