कुंपणालगतच्या रोपाची चौकशी

कात्रप, बदलापूर (पूर्व)
दि. २० नोव्हेंबर १९९४

आदरणीय सरस्वतीअक्का यांस,
रत्नाकरचा सविनय जयभीम.

आपल्या गुडघ्यांना थोडा तरी उतार पडला असेल आणि महाडच्या घराची कौले यंदा माकडांनी जागच्या जागी राहू दिली असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. (उत्तम आहे की नाही हे पूर्वी आपली धाकटी बहीण ठरवीत असे, सध्या तो निर्णय मी तात्पुरता माझ्याकडे घेतला आहे.) अंजनाला जाऊन आज पाच महिने अठरा दिवस झाले.

आपल्या चिरंजीवाने, मधूने, आपणास माझ्याविषयी काही कळवले असल्यास ते बहुतांशी खरे आहे. मात्र त्याला घटना क्रमाने सांगण्याची सवय नाही, म्हणून मी क्रमाने लिहितो. मे महिन्यात अंजनाने कुंपणालगत काहीतरी पुरले. काय पुरले ते मी विचारले नाही, कारण मी वर्तमानपत्र वाचत होतो. जूनच्या दोन तारखेला ती गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्या जागी सापाच्या कातडीसारख्या ठिपक्यांचा एक जाड दांडा वर आला आणि त्याने डोक्यावर हिरवी छत्री उघडली. त्याचे नाव मला ठाऊक नव्हते आणि ज्या व्यक्तीला विचारायचे तीच नव्हती. मी त्यास केवळ ‘रोप’ म्हणत असे. तिच्या हातचे शेवटचे असे ते एवढेच असल्याने मी त्याची फार काळजी घेतली, आणि दिवाळीच्या सुमारास ते पिवळे पडू लागले.

कुंपणापलीकडे दौलतरावांचे शेत आहे. हे गृहस्थ मूळचे इथलेच. पाठीवर पंप बांधून बांधावर तणनाशक फवारताना मी त्यांना स्वतः पाहिले होते. त्यामुळे संशयाला जागा होती. उणीव होती ती पुराव्याची. आपला मधू अंबरनाथच्या प्रयोगशाळेत नेमके हेच काम करतो, हे मला एकाएकी स्मरले. (तो चार वर्षे काय करतो आहे, याविषयी आपण व मी दोघेही साशंक होतो.) पाण्यात तणनाशक असल्यास ते विजेच्या साहाय्याने ओळखायचे, असा त्याचा विषय आहे. पेन्सिलीतील शिसे, चांदीची तार आणि आणखी एक तार पाण्यात बुडवून तो हळूहळू विजेचा दाब वाढवतो आणि कागदावर रेघ उमटते. पाणी शुद्ध असेल तर रेघ सपाट. विष असेल तर रेघेवर उंचवटा. पेन्सिलीचा असा उपयोग होतो हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते. उपकरणाचा मीटर त्याने उल्हासनगरच्या बाजारातून आणला आहे, तरीही ते चालते.

मी चार नमुने नेले: रोपाखालचे पाणी, दौलतरावांच्या चरातले, विहिरीचे आणि तुलनेसाठी आमच्या नळाचे. मधूने ‘स्वच्छ भांड्यातून आणा’ असे बजावले होते. म्हणून प्रत्येक वेळी अंजनाचा तांब्याचा तांब्या चिंचेने लखलखीत घासून, त्यात आदल्या दिवशीच पाणी भरून नेले. तांब्यात पाणी शुद्ध राहते हे ती नेहमी सांगे. चारही कागदांवर उंचवटा आला. मधू ‘काका, थांबा, हा उंचवटा भलत्याच जागी आहे’ असे काहीसे म्हणाला. परंतु उंचवटा कोठेही असला तरी उंचवटाच, असे मानून मी त्याच दिवशी दौलतरावांना तीन पानी पत्र दिले. त्यात ‘आपल्या ताब्यातील जमिनीसंबंधी’ असा विषय घालून सात दिवसांत खुलासा मागितला होता. पस्तीस वर्षे कारखान्याच्या कचेरीत काढलेल्या माणसास पत्र याहून साधे लिहिता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मधूने प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी माझ्यासमोर त्याच तांब्यात ओतून ठेवले व दुसऱ्या दिवशी तपासले. तोच उंचवटा. यावरून त्यांचा पाणीपुरवठाही दूषित असल्याचा निष्कर्ष मी काढला आणि त्यांच्या प्रमुखांस पत्र लिहावयास बसलो. तेव्हा मधूने माझ्या हातातून पेन काढून घेतले. (हे त्याने कळवले नसावे.) काचेच्या बाटलीतून आणलेल्या चारही पाण्यांची रेघ सपाट होती. चिंचेने घासलेल्या भांड्यातले तांबे पाण्यात उतरत होते आणि यंत्र बिचारे तेच इमानाने सांगत होते.

मी क्षमापत्राचा मसुदा करीत असतानाच दौलतराव आपली म्हातारी आई गोजरबाई आणि सातबाऱ्याचे उतारे घेऊन दारात आले. सध्या या भागात जमिनीविषयी तीन पानी कागद आला की इमारत आली असेच लोक समजतात. त्यांनी आठ दिवस धड जेवण घेतले नव्हते. ‘साहेब, जमीन घ्याची असंल तर त्वांडानं सांगा, असं छापील बोलू नका,’ असे ते म्हणाले. मी सर्व समजावले, व ते दोनदा विचारून खुर्चीवर बसले. गोजरबाई मात्र सरळ कुंपणाकडे गेल्या. दांडा जमिनीवर आडवा पडला होता. त्यांनी तो उचलून पाहिला आणि म्हणाल्या, ‘याला कोनी मारला नाय रं बाबा. सुरान हाय त्यो. पान पिकला, खाली कांदा भरला. तुमी काय कधी सुरान खाल्लाच नाय का?’

खाल्ला आहे, अक्का. एकतीस वर्षे खाल्ला. ताटात तो ओळखीचा होता.

चौकशी येथे संपली. मधूचे काम चांगले आहे, त्याला रागावू नये. घरातील सर्वांस माझी आठवण सांगावी.

आपला आज्ञाधारक,
रत्नाकर सोमा सकपाळ

ता.क. गोजरबाई म्हणतात की कांदा आता खणून काढावा, नाहीतर तसाच राहू द्यावा. पावसात तो पुन्हा उगवतो. दोन्हींपैकी योग्य काय, यावर मी अद्याप मत बनवलेले नाही.

ता.क. २. वरील विधान खरे नाही. त्या असेही म्हणाल्या की, बेणे आपणच महाडहून दिले होते आणि ‘निघेल तो अर्धा अक्काचा’ असे अंजनाने त्यांना कुंपणावरून सांगितले होते. तेव्हा आपला हक्क मला मान्य आहे. तरीही आपला अर्धा हिस्सा यंदापुरता जमिनीतच राहू द्यावा, ही विनंती. या पत्राचे कारण खरे तर एवढेच आहे.

ता.क. ३. बाजारातून घेतलेला दोन किलो सुरण मधूबरोबर पाठवीत आहे. तो अंजनाने लावलेला नाही. आपणास हे चालणार नसेल तर तसे कळवावे. मात्र मग खणावयास आपणच यावे. माझ्याने ते होणार नाही.