हजेरीची पेटी

५ मार्च १९८९, घुग्घुस
लिही गं गुलाब! मी म्हणते 'मले', नात लिहिते 'मला'. लिहो बापडी, शिकली आहे!
सिमेंटच्या कारखान्यात आता हजेरी कॉम्प्युटरवर लागणार. आजवर फाटकावर नावं पुकारतो माझा सोमाजी – गुलाबचा बाप. बाया ओ देतात, तो खूण करतो. आता म्हणे पडद्यावर प्रत्येकीची एक पेटी, वर चित्र, खाली नाव. बाईनं आपली पेटी दाबायची, झालं! तयार पेट्यांत इंग्रजीच अक्षरं बसतात, म्हणून तिथल्या कचेरीत नवी लागलेली गुलाब स्वतः काढते. ठिपक्याला ठिपका जोडून, चित्र अन् नाव दोन्ही.
सोमाजी खूश. "बरं झालं माय, माह्या घशाले आराम!"

९ मार्च
कारखान्याच्या वामनराव साहेबांनी गुलाबला सांगितलं – अडाणी बाईला पेटी ओळखून दाबणं जमलं तर तुझी नोकरी कायम, नाही तर एकतीस तारखेला घरी.
बापलेक दोघं माझ्याकडे बघायला लागले!
लहानपणी शाळेच्या पायरीवर टेकू दिलं नाही मला. आता साहेबाला तेच अडाणीपण पाहिजे.

१२ मार्च
सोमाजीसोबत कचेरीत गेले. गुलाबनं हातात साबणाच्या वडीएवढं काही दिलं. म्हणे, माऊस म्हणजे उंदीर. म्हटलं, "चावत तं नाई ना?"
कामावरच्या मीराबाईच्या पेटीत मासोळी. पण खालचं नाव! "गुलाब, कागदावर इच्या नावाले शेंडी होती. इथी टकली काऊन?"
सोमाजी वाचून हसत सुटला. "माराबाई! कोणाले मारा म्हणते माय?"
गुलाबनं कपाळावर हात मारला. पेटीची उंची इंग्रजीच्या मापाचीच राहिली, आपल्या अक्षरांची डोकी उडाली! वाचणारे अर्ध्यावरून ओळखून मोकळे होतात. मला वाचता येत नाही, म्हणून मी पूर्ण पाहते.

१४ मार्च
पेटी उंच केली. तर मासोळीची शेपटी नावात घुसली! म्हटलं, "मासोळी वर सरकव." सरकवली.

१८ मार्च
साहेबांपुढे बसले. माझ्यासाठी काढलेली चुलीची पेटी दाबली. मग मीराची, ताराची, जिची म्हणाल तिची. एक चुकली नाही! साहेब म्हणाले, "आजीला जमलं, म्हणजे कोणालाही जमेल."
गुलाब कायम! सोमाजीनं फाटकावर पेढे वाटले.

२० मार्च
सोमाजीला कामावरून काढलं. पेटी सगळ्यांना समजते, मग पुकारायला माणूस कशाला?
गुलाबचा हात थांबला आहे. लिही, बाई. तुझी आजी जन्मभर अडाणी राहिली. साहेबांपुढे एकच दिवस अडाणी राहायचं होतं – तेवढंही जमलं नाही.