वहिनीला मारून टाका

४ जानेवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सगळ्या कारखान्यातून आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाला तुझी एकटीची निवड झाली, हे मी ऑफिसात प्रत्येक टेबलापाशी थांबून सांगितलं. इतकी वर्षं कृत्रिम पाय घासलेस, आता ते माणसाला बसवून त्याला चालतं करायला शिकशील. भिंगरी सात वर्षांची आहे म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. भावोजी तयार आहेत आणि आई येऊन राहील. पंचवीस वर्षं तिनं पाळणाघर चालवलं, तिला स्वतःची नात जड होणार आहे का? तू अजून तिला विचारलंसुद्धा नाहीस हे वाचून मात्र हसू आलं. चाळिशीला टेकलीस तरी आईसमोर दातखिळी बसते तुझी.

आता आमच्या मालिकेची गंमत ऐक. दोन वर्षांपूर्वी मालिकेतला दादा लहान मुलीला घरी ठेवून नोकरीसाठी परदेशी गेला होता, आठवतं? परवा त्याची बायको, म्हणजे आपली वहिनी, शिकायला आठ महिने बाहेरगावी गेली. लेखकबाईंनी मुद्दाम तोच प्रसंग पुन्हा लिहिला. तेच दार, तीच सुटकेस, वाक्यंही तीच, फक्त ‘जातो’चं ‘जाते’ केलं. प्रेक्षकांच्या लक्षातही येणार नाही, अशी त्यांची दिग्दर्शकाशी पैज होती.

पत्रांचं काम माझ्याकडे असतं हे तुला माहीत आहे. टायपिस्ट नावं गाळून ती टाइप करतो आणि मी पात्र ‘ठेवा’ आणि ‘काढा’ असे दोन गठ्ठे करते. दादाच्या वेळी लोक रडले होते. कुणी तर त्याला थंडी वाजू नये म्हणून हातानं विणलेला मफलर पाठवला होता. वहिनीसाठी काय आलंय ते बघ. सगळ्यांत जहाल पत्र खास तुझ्यासाठी उतरवून घेतलंय:

“ही कसली आई? दुपारी चार वाजले की पोर दाराकडे बघत बसतं, ते हिला कुठे दिसणार? घराबाहेर पडणारे पाय आधीच मोडायला हवे होते. आता परत आणू नका, गाडीखाली घाला. पोरगी आईविना वाढेल, पण असल्या आईच्या हाताखाली नको.”

एवढा राग, आणि तोही नसलेल्या बाईवर. सात जन्मांचं वैर असल्यासारखा. वाचून हस आणि सामान बांधायला घे.

भावोजींना नमस्कार, भिंगरीला गोड पापा. आहे तो लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी

&nbsp;

११ जानेवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच उघडलं. हाताला कामाचं ओलं प्लास्टर लागलं होतं, म्हणून दोन बोटांच्या चिमटीत धरून वाचत होते. चार वाजताच्या ओळीपाशी आले आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

धाकटे, ते पत्र आईचं आहे.

तू शाळेतून उशिरा यायचीस, त्यामुळे पाळणाघरातली दुपार तुझ्या वाट्याला फारशी आली नाही. मी मात्र रोज पोरांना दूध द्यायला तिथे असायचे. चार वाजले की आई हेच म्हणायची: बघ, पोरं दाराकडे बघत बसली. एखादीला यायला उशीर झाला तर तिच्या पायांचा उद्धारही याच शब्दांत व्हायचा. तुला ओळखू आलं नाही, यात तुझा दोष नाही.

आईला माझ्या प्रशिक्षणाबद्दल काहीच माहीत नाही. तिनं मला उद्देशून लिहिलं नाही, हेही मला कळतं. पण तिनं मनापासून लिहिलंय. भिंगरीला सांभाळशील का, हे मी आता कोणत्या तोंडानं विचारू? परवाच साहेबांकडे लेखी नकार देऊन आले. हे चिडले, दोन दिवस धड बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, मला तरी विचारायचं होतंस.

तू मूळ कागद शोधून बघ. माझा अंदाज चुकीचा निघाला तर मी तुझे पाय धरीन.

प्रकृतीला जप.

तुझी,
ताई

&nbsp;

१६ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपली दोघींची भांडणं होतात आणि कुणाचंच वाक्य पुरं होत नाही, म्हणून लिहिते आहे.

काल ऑफिसच्या माळ्यावर चढून पत्रांची तीन पोती उपसली. वहिनीला गाडीखाली घाला, असं सांगणारं पत्र सापडलं. पाळणाघराच्या जुन्या हजेरीवहीचं पान, मागच्या बाजूला तुझं अक्षर. मी तिथेच धुळीत बसून राहिले. या तोंडानं तू आम्हाला गोष्टी सांगितल्यास, आई. मला अजून खरं वाटत नाही.

ताईची मोठ्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. आठ महिने, बाहेरगावी. भिंगरीसाठी ती तुझ्यावर भिस्त ठेवून होती. मी मूर्खासारखं ते पत्र कुणाचं हे न ओळखता हसण्यासाठी तिला पाठवलं. तिनं ओळखलं आणि जागा नाकारली. माझ्या हातून घडलं, पण शब्द तुझे होते.

आणखी एक सांगते. वहिनीचं काम करणारी बाई परवा बाजारात गेली होती. तुझ्याच वयाच्या एका बाईंनी तिच्या पाठीत छत्री घातली. त्या वेळी नटीच्या हाताला धरून तिचा स्वतःचा मुलगा उभा होता. दादाचं काम करणाऱ्याला त्याच बाजारात फुकट फळं मिळतात. गुरुवारच्या भागात वहिनी अपघातात मरणार आहे. माझ्या ‘काढा’च्या गठ्ठ्यानं ते ठरलं.

बाबा जहाजावर होते तेव्हा दहा-दहा महिने घरी नसायचे. तेव्हा त्यांचे पाय मोडावेत असं तुला कधी वाटलं होतं का? हे मी टोचून विचारत नाही. मला खरंच कळून घ्यायचं आहे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

&nbsp;

२१ जानेवारी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकटीचं पत्र आलं. मालिकेला ते पत्र मीच लिहिलं. दादाला मफलरही मीच पाठवला होता, तेही सांगून टाकते, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मालिकेतली बाई म्हणजे कुणी नसतंच, तिला काहीही बोललं तरी कुणाला लागत नाही, अशा समजुतीनं मी लिहिलं. ते थेट माझ्या पोरीच्या कपाळात बसलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या अक्षराची भीती वाटते आहे.

तुझे बाबा जायचे तेव्हा सगळे मला म्हणायचे, नवरा कष्टाळू मिळाला. मीही तेच म्हणायचे. तू मात्र रात्री त्यांचा शर्ट उशाशी घेऊन झोपायचीस. चार वाजता दाराकडे बघणारं पहिलं पोर तूच होतीस, आणि तू माझी वाट बघत नव्हतीस, मी तर समोरच होते. हे मला दिसत होतं. तरी बाबांना कधी एका शब्दानं बोलले नाही. बोलायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. पाळणाघरात उशिरा येणाऱ्या आयांना मात्र तोंडावर बोलले. कुणाचाही बाप का आला नाही, हे पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. जावईबापूंना सांग, स्टेशनवर यायची गरज नाही. आधी तुझ्या साहेबांना भेटते, मग घरी.

माझ्यावर रागव, पण दार उघड.

तुझी,
आई

&nbsp;

३० जानेवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आई सोमवारी थेट कारखान्यात आली. साहेबांपुढे बसली आणि म्हणाली, मुलीनं माझ्यामुळे नकार दिला होता, तो परत द्या. साहेब सज्जन आहेत, चहा मागवला. म्हणाले, जागा भरली. कृत्रिम पायांचे पट्टे शिवणारे आमचे एक सहकारी चालले आहेत. आईनं विचारलं, त्यांना मुलं किती? दोन, जुळी, तीन वर्षांची. मग त्यांना कोण बघणार? साहेब गोंधळले. म्हणाले, ते काही आम्ही विचारलं नाही.

आईनं दोघांचेही अर्ज बघायला मागितले. साहेबांनी काढून दिले. माझ्या अर्जाखाली त्यांनी पेनानं एक जादा ओळ घातली होती: ‘मुलीची व्यवस्था काय?’ सहकाऱ्याच्या अर्जाखाली ती जागा कोरी. साहेबांनी स्वतःच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, ही ओळ आपण कधी घातली हेही त्यांना आठवेना. मला त्याचाच जास्त धक्का बसला. दोन महिने तो अर्ज माझ्या पर्समध्ये होता आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

बाहेर बाकावर बसल्यावर आईनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, मागच्या महिन्यात याच्या खुर्चीत मी असते तर हेच विचारलं असतं.

या खेपेची जागा गेली ती गेलीच. पुढची तुकडी ऑगस्टमध्ये आहे. साहेबांनी नवा अर्ज आणून दिला, पण ती ओळ त्यावरही पेनानं लिहून झालेली, सवयीनं. साहेब ती खोडायला निघाले तर आईनं त्यांचा हात धरला आणि पेन मागून घेतला. मला वाटलं, ‘आजी सांभाळेल’ असं लिहील. घरी हेही आजीच्याच भरवशावर बसले होते.

तिनं तीन शब्द लिहिले: मुलीला बाप आहे.

तुझी माया अशीच असू दे.

तुझी,
ताई